एलिव्हेशनमध्ये दुपार नसते

बहावा फुलला की चंदीगडची माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळे घोस लटकलेले, खाली पाकळ्यांचा सडा, आणि त्यात कुणीतरी हात पसरून उभं. पूर्वी मलाही हे आवडायचं. आता बहावा दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याच्या मागोमाग लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, येते हे मला ठाऊक असतं, आणि लू आली की गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. मग दिवसभर मी कुणाशी धड बोलत नाही. माझा मुलगा निखिल गुडगावहून फोनवर म्हणतो, "आई, लेट गो कर ना यार." कशाला करू? राग म्हणजे काही सर्दी नव्हे, आठवड्यात आपोआप बरी व्हायला.

आम्ही चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरला घर बांधलं. माझा नवरा श्रीकांत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा पुण्याला परतायचं की इथंच राहायचं यावर घरात बरेच दिवस खल झाला. निखिल इथं वाढलेला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि पुणं म्हणजे त्याच्या लेखी सुट्टीत कंटाळा येण्याचं ठिकाण. अखेर इथंच राहायचं ठरलं. मुल्लानपूरला कालपरवापर्यंत गहू होता. आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे अजूनही आहे. कापणी झाली की त्याचा भुसा उडून आमच्या पायऱ्यांवर येतो आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडतो, जणू आम्ही आधीपासून इथं होतो आणि गहू मागाहून येऊन बसला. इथं बंगल्याला कोठी म्हणतात. आमच्या अकोल्याकडे कोठी धान्याची असते. "आमची कोठी पुरी झाली" असं आईला फोनवर सांगितलं, तर तिनं विचारलं होतं, किती पोती मावतात.

प्लॉट आमचा होता, पण दर्शनी भाग कॉलनीचा. सगळ्या कोठ्यांचं तोंड एकसारखं दिसलं पाहिजे, असा तिथला नियम. त्या तोंडाला एलिव्हेशन म्हणतात. तो शब्द त्या वर्षात मी इतका ऐकला की झोपेत कुणी हलवलं असतं तरी तोच तोंडून निघाला असता. आर्किटेक्टनं लॅपटॉपवर घर दाखवलं. समोर वरपासून खालपर्यंत काच, कडेनं राखाडी पट्टे, दारात चकचकीत गाडी आणि मागे गुलाबी आकाश. मी विचारलं, या चित्रांमध्ये दुपार का नसते? सकाळ असते, संध्याकाळ असते, दिवे लागलेली कातरवेळ तर हमखास असते. जेठातली टळटळीत दुपार कुठल्याच एलिव्हेशनमध्ये मी बघितली नव्हती. तो म्हणाला, "मॅम, उसके लिए एसी है ना." श्रीकांत हसला. ठेकेदारही हसला.

रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड पश्चिमेला, आणि तोंड पश्चिमेला म्हणून काचही पश्चिमेला. बाकीच्या निजायच्या खोल्या वर, खाली एकच, ती पुढच्या बाजूला. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नाही. म्हणून ती खोली आईची झाली. बाबा गेल्यावर ती अकोल्याला भावाकडे होती, पण त्याचा फ्लॅट लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. तिथं ती महिना महिना खाली उतरत नसे. मी तिला इकडे आणलं. ती आधी नकोच म्हणत होती. लेकीच्या घरी चार दिवस राहावं, लुगडं घ्यावं आणि निघावं, या वळणात वाढलेली बाई ती. मी हट्ट केला तेव्हा आली, पण येताना आपलं ताट, तांब्या आणि पेला सोबत घेऊन आली. तिच्या खोलीचा उल्लेख ती "तुमची समोरची खोली" असा करायची. पंखा लावायचा झाला तरी आधी विचारायची.

तिचं माहेर अकोल्यापासून थोडं आत, एका खेड्यात. तिकडं घरं धाब्याची असत. कमरेइतकी रुंद मातीची भिंत, वर लाकडाचे सरे, सऱ्यांवर काड्या आणि काड्यांवर खाऱ्या मातीचा जाड थर, असं सपाट छत. वैशाखात त्या छतावर नवी माती घालायची, तुडवायची, चोपायची, की पावसाळ्यात गळायचं नाही. घरातल्या बायापोरी सगळ्या त्या कामाला. मी लहानपणी सुट्टीत गेले की बाहेर विदर्भाचं ऊन कावळ्याला घरट्यात बसवायचं आणि आत मात्र मामी चक्क पांघरूण द्यायची. खिडक्या लहान, उंचावर. आत काळोख होता, धूर होता, अधूनमधून विंचूही निघत. त्या घराचे गोडवे गायचे नाहीत मला. पण ज्यानं ते बांधलं त्याला एक गोष्ट माहीत होती, की आपण कुठल्या उन्हात राहतो.

हे धाब्याचं घर इथं भलतंच महागात पडलं. कॉलनीत आल्याआल्या शेजारच्या बायका आईला भेटायला आल्या. गरमीचा विषय निघाला आणि आईनं आपल्या हिंदीत अभिमानानं सांगितलं, "हमारा मायका ढाबे का था. एकदम ठंडा." बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं आदबीनं विचारलं, हायवेवर होता का. आईला वाटलं, गाव रस्त्याला लागून होतं का असं विचारतायत. ती म्हणाली, हो, अगदी रस्त्यावर. झालं. मी चहा घेऊन बाहेर आले तोवर आईच्या माहेरचा ढाबा चालू झाला होता आणि तिथल्या दालचा विषय निघाला होता. मी समजावलं, सगळ्या हसल्या, मीही हसले. पण काही गोष्टी एकदा चिकटल्या की सुटत नाहीत. कॉलनीत आई "ढाबेवाले माताजी" झाली. प्रेमानं म्हणतात, असं श्रीकांत म्हणायचा. असेल. त्या प्रेमाची चव पुढे कळली.

घर बांधायच्या आधी आम्ही बदलीबदलीतली बरीच वर्षं शहरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. चंदीगडच्या जुन्या क्वार्टरला आपण नावं ठेवतो. ओल येते, नळ गळतात, छत तापतं. पण व्हरांड्याला विटांची जाळी असते. एक वीट सोडून एक वीट, मधे हाताचा पंजा जाईल एवढं भोक. रस्त्यावरून आत दिसत नाही, आतून रस्ता दिसतो. वारा येतो, ऊन येत नाही, आलं तर तुकड्या-तुकड्यानं येतं आणि जमिनीवर निमूट पडून राहतं. निखिल रांगायचा तेव्हा त्या उन्हाच्या चौकोनांवर हात आपटायचा. जाळीच्या आत कूलर, कूलरला वाळ्याचे पडदे, बाहेर लू किंचाळत गेलेली ऐकू यायची आणि आम्ही आत दुपारचे पत्ते खेळायचो. खिडकीवर खोल छज्जा होता. तो कुणी आर्किटेक्टनं कौतुकानं दाखवला नव्हता. तो नुसता होता.

क्वार्टरची एकच अडचण. ते आपलं नसतं. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, रंग सरकार देईल तो, गच्चीवर दोरी बांधली तरी कुणी ना कुणी विचारतं. श्रीकांतनं उभं आयुष्य असल्या घरांत काढलं आणि ते त्याच्या हाडांत गेलं. मुल्लानपूरच्या घरात, स्वतःच्या घरात, बायकोनं कॅलेंडर लावायला हातोडी काढली की तो दचकायचा. कॉलनीच्या कमिटीचा मेसेज आला की तो उभा राहून वाचायचा. मला हे तेव्हा विनोदी वाटायचं, मी त्याला चिडवायचे. बदलीवर जगलेल्या माणसाला घर मिळालं तरी तो त्यात अलॉटमेंट झाल्यासारखाच राहतो, हे त्या उन्हाळ्यात मला नीट कळलं.

तर तो उन्हाळा. जेठ लागला आणि दुपारनंतर आईच्या खोलीत ऊन घुसायला लागलं. काचेतून आलेलं ऊन बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट असतं, कारण बाहेरच्याला निदान परत जायला वाट असते. पलंगाची लाकडी कड हाताला चटका देई. एसी होता. तो धापा टाकत चालायचा, वीज गेली की थांबायचा, आणि मुल्लानपूरला जेठात वीज जाणं म्हणजे रोजचंच. चालू असला तर आईचे गुडघे आखडायचे. जाड पडदे शिवले, आतून लावले. पडदे तापले आणि खोलीत दोन तापलेल्या भिंती झाल्या. आई पन्हं प्यायची, उशाशी कांदा ठेवायची, ओला पंचा डोक्यावर घ्यायची.

एका दुपारी मी वरून खाली आले तर खोलीत अंधार आणि चक्क गारवा. आईनं आपली जुनी गोधडी बादलीत भिजवली होती आणि काचेच्या बाहेरून, वरच्या पाइपाला दोरी बांधून टांगली होती. कशी चढली, कशावर चढली, देव जाणे. लाल, हिरव्या, निळ्या लुगड्यांच्या तुकड्यांची ती गोधडी राखाडी एलिव्हेशनवर अशी काही दिसत होती की मला हसूच आलं. वारा तिच्यातून गार होऊन कडेच्या झडपेतून आत येत होता. मी म्हटलं, अगं, पडदे आहेत की आतून. त्यावर ती म्हणाली,

"उन्हाले आंधी घरात घ्याचं अन् मंग त्याच्यावर पडदा टाकाचा? बाहीरच थांबवाव ना त्याले."

आमच्या घरात तिनं न विचारता केलेली ती पहिली गोष्ट होती. ती गोधडी मला त्यासाठीही आवडली. आई त्या दोन-तीन दिवसांत वेगळीच झाली. दुपारी पाणी मारायला स्वतः उठायची, मला हाका मारून बादली मागायची, गोधडी किती वेळ ओली राहते ते सांगायची. रोज जेवताना एक पोळी जास्त खायची.

मग ग्रुपवर फोटो आला. आमच्या घराचा. कुणी काढला कळलं नाही. गोधडीवर लाल गोल काढलेला आणि खाली लिहिलेलं, की काही रहिवासी कॉलनीचं एलिव्हेशन बिघडवत आहेत, घरांच्या किमतीवर परिणाम होतो, कृपया सहकार्य करावं. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग. कुणीतरी लिहिलं, "ढाबा खुल गया क्या?" त्यावर हसरे चेहरे. मी ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. उत्तर लिहायला घेतलं तर श्रीकांतनं हातातून फोन काढून घेतला. म्हणाला, बाहेरची माणसं आपण, वाकडं कशाला घ्यायचं. बाहेरची? कर भरतो, घर आपलं, जमिनीत पाय रोवून उभे आहोत, आणि अजून बाहेरचे?

संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी स्वतः आले. सभ्य गृहस्थ, पांढरी दाढी, अतिशय मृदू आवाज. ते आईच्या पाया पडले, मिठाईचा डबा दिला. बसल्यावर आपलं लहानपण काढलं. त्यांच्या गावी जाड भिंतींचं घर होतं, पुढे लांब ओसरी, दुपारी आजोबा ओल्या पोत्यांचे पडदे सोडायचे आणि सगळी भावंडं त्या गार मातीवर लोळायची. सांगताना त्यांचे डोळे ओले झाले. मला वाटलं, सुटलो. इतकं कळणारा माणूस आता गोधडीबद्दल काय बोलणार? ते उठताना आईला म्हणाले, "माताजी, वो ज़माना और था. यह गाँव नहीं है जी."

भिंतीपलीकडे गव्हाची तोडलेली धसकटं दिसत होती.

या माणसांचा मला जास्त राग येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यावर काय रागवायचं? पण या शहरात माहीत नसलेला एक माणूस दाखवा. प्रत्येकाच्या आजोळी जाड भिंत होती, ओसरी होती, छज्जा होता. प्रत्येकानं भर दुपारी गार जमिनीला गाल लावलेला आहे. आणि तरी प्रत्येकजण काच लावतो, मग काचेला पडदा लावतो, मग एसी लावतो, एसीचं पाणी आणि गरम हवा शेजाऱ्याच्या अंगणात सोडतो आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणतो, यंदा गरमी फारच आहे जी. गरमी होतीच. आपण तिला घरात सोफ्यावर बसवून घेतलं.

मी गोधडी काढली नाही. आईनं विचारलं, काढू का वं? मी नाही म्हटलं. मला वाटलं, विषय संपला.

त्याच आठवड्यात माझी अकोल्याची एक मैत्रीण हिमाचलला जाताना वाटेत थांबली होती. तिला बसमध्ये बसवून द्यायला मी सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावर गेले. बस उशिरा सुटली, परतताना आंधी आली, धुळीनं समोरचं दिसेना, रिक्षा रस्त्यातच थांबवावी लागली. धूळ बसली, ऊन पुन्हा तापलं, तेव्हा पुढे निघाले. घरी पोचले तर वीज गेलेली आणि काचेवर गोधडी नाही. ती घडी घालून मागच्या ओट्यावर ठेवली होती. त्या दुपारी कॉलनीत नवे ग्राहक घरं बघायला येणार होते. कमिटीनं श्रीकांतला फोन केला, श्रीकांतनं जिन्याखालची शिडी काढली आणि गोधडी उतरवली. आईला त्यानं सांगितलंही होतं, की थोडा वेळच काढतो, आई. आई म्हणाली, काढा ना, घर तुमचं हाय.

खोलीत आई नव्हती. पलंग रिकामा, पंखा बंद, ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत. मी हाका मारल्या. मागच्या बाजूला बघितलं, स्वयंपाकघरात बघितलं. आई मला न्हाणीघरात सापडली. दार लोटलेलं. ओल्या फरशीवर बसलेली, पाठ टाइल्सना टेकलेली, डोक्यावर ओला पंचा, शेजारी तिचा पेला. पश्चिमेची काच नसलेली, जिना न चढता जाता येईल आणि दार लोटून कुणाच्या नजरेला न पडता बसता येईल अशी घरात ती एकच जागा. चेहरा लालबुंद, जीभ जड झालेली. मला बघून तिनं लुगडं सावरलं. मी उठवायला गेले तर म्हणाली,

"राहू दे. इथं बरं वाटते मले."

उशी आणि टॉवेल कोपऱ्यात नीट ठेवलेले बघून मला कळलं की ती तिथं त्याच दिवशी बसली नव्हती. गोधडी लावायच्या आधीही बसत होती. आम्ही वरच्या खोल्यांमध्ये झोपायचो त्या दुपारी माझी आई माझ्या घरात न्हाणीघराच्या फरशीवर काढायची, आणि लेकीच्या घरात तक्रार करायची नाही म्हणून उन्हं कलली की पुन्हा पलंगावर येऊन बसायची.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरनं लू लागली म्हणून सांगितलं आणि माताजींना ठंड्या खोलीत ठेवा असा सल्ला दिला. श्रीकांत बाकावर बसून होता. मला बोलायचंच नव्हतं, मला काहीतरी फोडायचं होतं. घरी आल्यावर त्यानं माफी मागितली, मनापासून मागितली, आणि गोधडी परत टांगायची का म्हणून मला विचारलं. विचारलं. तो प्रश्न ऐकून माझं उरलंसुरलं डोकं फिरलं. म्हटलं, कुणाची परवानगी हवीय तुला अजून?

तो उन्हाळा आईनं हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, जेवायच्या टेबलाशेजारी खाट टाकून काढला. येणारा-जाणारा तिच्यावरून जायचा. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. पाऊस आला, थंडी आली, आणि मी कमिटीच्या मागे लागले. मला त्या काचेपुढे हातभर अंतर सोडून विटांची जाळी बांधायची होती. शहरातल्या जुन्या घरांना असते तशीच, पक्की, वारा येणारी. खर्च आमचा, भिंत आमच्या हद्दीत. कमिटीनं नियम दाखवले, मी आईचं वय सांगितलं, त्यांनी पुन्हा नियम दाखवले. मोठा एसी घ्या म्हणाले. इन्व्हर्टर घ्या म्हणाले. निखिल म्हणाला, "आजी को ऊपर शिफ्ट कर दो ना, स्टेअर लिफ्ट लगवा लेंगे." सगळ्यांकडे उपाय होते. फक्त ऊन बाहेर थांबवायचा उपाय कुणाला नको होता.

आणि यंदा फाल्गुनात ग्रुपवर आनंदाची बातमी आली. कॉलनीच्या सौंदर्यासाठी, शहराच्या परंपरेचा मान राखून, सगळ्या घरांच्या काचांना "हेरिटेज जाली" लावायला मंजुरी. मी धावत खाली गेले, आईला सांगितलं, मिस्त्रीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या घरावर ती जाली बघायला गेले. ती कागदाची होती. काचेवर चिकटवायचा चकचकीत कागद, त्यावर विटांच्या जाळीचं छापलेलं चित्र. विटांचा लाल रंग हुबेहूब, मधली भोकं काळी रंगवलेली. मी त्या रंगवलेल्या भोकांवर हात ठेवला. काच तापलेली होती. हिंदीत जाली म्हणजे जाळी आणि जाली म्हणजे खोटं, बनावट. इतकी वर्षं या भाषेत राहून तो शब्द मला त्या दिवशी समजला. सेक्रेटरी बाहेर आले आणि कौतुकानं म्हणाले, देखिए जी, आपकी बात मान ली.

मी घरी गेले आणि श्रीकांतला सांगितलं की उन्हाळ्याचे महिने मी आणि आई दुसरीकडे राहणार. त्याला वाटलं अकोला. मी म्हटलं, सेक्टर २२.

स्वतःची कोठी असताना चंदीगडच्या जुन्या सेक्टर २२ मध्ये भाड्यानं राहायला गेलेलं कुटुंब या ट्रायसिटीत, म्हणजे चंदीगड आणि त्याला लागलेल्या शहरांत, दुसरं नसेल. बाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. विटांच्या भिंती, रंग उडालेला, मोरीचा नळ गळतो, वर राहणारी मुलं धाडधाड जिने उतरतात, समोर समोसे तळल्याचा वास दिवसभर. पण व्हरांडा आहे, खोल छज्जा आहे आणि रस्त्याच्या बाजूला विटांची जाळी आहे, खऱ्या भोकांची. कूलरमध्ये मी वाळ्याचे नवे पडदे घातले. मी हे लिहितेय ती त्याच व्हरांड्यात. बाहेर लू सुटली आहे, बाजाराच्या ताडपत्र्या फडफडतायत, आणि आई आत तोंडावर पदर घेऊन गाढ झोपली आहे. असं असूनही मला शांत वाटत नाही. दोन भाड्याच्या खोल्यांत माझ्या आईला जे फुकट मिळालं ते माझ्या घरात मागून मिळालं नाही. कसलं शांत वाटायचं?

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. आईच्याच वयाची पंजाबी बाई, तोंडानं फटकळ. आम्ही सामान लावत असताना ती खाली आली आणि मला विचारायला लागली, कौन-कौन रहेगा, कितने दिन, माताजी किसके पास हैं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आई खाटेवर बसून आपला तांब्या पुसत होती. माझ्याआधी तीच बोलली.

"कमरा मेरा है जी. ये मेरी बेटी. मेरे पास रहने को आयी है."

घरमालकिणीनं मान डोलावली आणि त्यानंतरची सगळी बोलणी आईशी केली. पाणी कधी येतं, कचरेवाला कधी येतो, छतावर पापड वाळवता येतील का. आईनं व्हरांड्यात स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. कुणाला विचारलं नाही.

श्रीकांत रोज येतो. आधी आंबे घेऊन यायचा, मग टरबूज घेऊन, आता नुसताच येतो. दुपारी तिकडे राहवत नाही असं म्हणत नाही, पण बरोबर दुपारीच येतो. जाळीशी खुर्ची ओढतो आणि वारं घेतो. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. काल तो बराच वेळ उभाच होता, दारात, चपला न काढता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी कधी येणार तुम्ही?"

आत खाट कुरकुरली. जावयाला कधी उलट शब्द न दिलेली माझी आई पदर सावरत उंबऱ्यापर्यंत आली.

"घरीच तं हाओ आमी, जवाईबापू," ती म्हणाली. "चपला काढा. बसा."

त्यानं चपला काढल्या, बाहेर नीट लावल्या आणि बसला. मी पाणी आणायला उठले नाही. आई उठली. पाहुणा तिचा होता.